चिलखताची गोणी

चिलखत परत आलं की मामा ते आधी नाकाशी न्यायचे. बगलेकडचा भाग दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, दूध नासलंय का हे बघावं तसा वास घ्यायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "घाम हाय. बसा."

बसा म्हणजे चहाला बसा, असं नव्हे. घासायला बसा.

ज्यांनी त्या काळी नगरकडच्या खेड्यांत जत्रेतली नाटकं केली असतील, किंवा नुसती पोत्यावर बसून बघितली असतील, त्यांना ड्रेपरीवाला म्हणजे कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा असायच्या. गावातलीच पोरं नाटक बसवायची. राजाचा अंगरखा, सरदाराच्या मिशा, राणीचे दागिने असलं सगळं भाड्यानं देणारा एक माणूस शहरात असायचा, तो ड्रेपरीवाला. मामा (सगळेच त्यांना मामा म्हणायचे) त्यांतलेच, पण कपडे आणि मिशा त्यांच्याकडे नव्हत्या. त्यांच्याकडे फक्त कड्या आणि साखळ्या होत्या. लोखंडी तारेच्या कड्या एकीत एक गुंतवून विणलेली चिलखतं, पितळी कड्यांचे कंबरपट्टे, चांदीचा मुलामा दिलेल्या साखळ्या, कंठे, बाजूबंद. सगळं स्वतःच्या हातानं, दोन पकडी घेऊन केलेलं.

आणि त्यांची एकच अट होती. ज्यानं चिलखत अंगात घातलं, त्यानंच ते परत आणायचं आणि त्यानंच बसून साफ करायचं. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलेलं चालायचं नाही. भाडं एखाद्या गावाला ते कमीही करायचे, पण अट कमी करायचे नाहीत.

मी तेव्हा नगरला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून नवीन लागलो होतो. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेलेली. पुढे मुलगी झाली, सासूबाई आजारी पडल्या, नगरला पाण्याचे हाल सुरू झाले, असं एकेक होत ती तिकडेच राहिली. मी एक खोली घेऊन राहत होतो. मामांची जागा माझ्या खोलीला लागून. मधे एकच भिंत.

माझा स्वभाव पहिल्यापासून असा आहे, की कुणाकडे जाऊन बसावं तर आपण त्याचा वेळ खातोय असं वाटतं, आणि न जावं तर आपण माणूसघाणे आहोत असं वाटतं. दोन्हीकडून अपराधी. त्यामुळे मी मामांच्या दारात उभा राहायचो. आत जायचो नाही आणि निघूनही जायचो नाही. तेच म्हणायचे, "भाऊसाहेब, एक पाय आत घ्या, न्हाईतर दोन्ही भायेर. दार मोडंल."

तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या दारातून मी जे पाहिलं ते तुम्हीही पाहायला हवं होतं.

कर्जतकडच्या एका गावाचं नाटक होऊन गेलं होतं आणि त्या नाटकातला राजा आणि त्याचा शत्रू सुभेदार मामांच्या खोलीत समोरासमोर जमिनीवर बसले होते. दोघांच्या मधे एक गोणी. गोणीत चिलखत, आणि चिलखताबरोबर चाळलेली कोरडी वाळू. गोणीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. राजानं ती पायांनी सुभेदाराकडे लोटायची, सुभेदारानं परत राजाकडे. आतल्या आत वाळू कड्यांमधून फिरते आणि गंज, घाम, रंग सगळं खरवडून काढते. एका चिलखताला अशी अर्धी सकाळ जायची.

राजा म्हणजे शिडशिडीत पोरगा, शेतकऱ्याचा. कानामागे अजून नाटकातला रंग राहिलेला. सुभेदार त्याच्या दुप्पट.

"आरं नीट लोट की," सुभेदार म्हणाला. "मला मारलंस ते मारलंस, वर ही गोनीबी मलाच वडाय लावतो व्हय?"

"तू कुठं मेलास?" राजा म्हणाला. "तलवार लागली तरी डोळं टक्क उघडं ठिवून लोकांत बघत हुतास."

"माझी बायकू बसली हुती म्होरं. तिला कळाय नको का, मी बरा हाय म्हनून?"

"तिला कळलं. ती म्हनली, पुन्ना मारा."

मामा कोपऱ्यात रिठ्याच्या पाण्यात साखळ्या बुडवून बसले होते. हसू दाबत ते म्हणाले, "मेलेल्यानं बोलू न्हाई. लोटा."

मग चिलखत बाहेर निघायचं. ते झटकलं की वाळूचा पाऊस पडायचा. त्यानंतर लाकडाच्या भुशात घोळायचं, आणि शेवटी तेलाच्या चिंधीनं एकेक ओळ पुसायची. पितळेच्या कंबरपट्ट्याला चिंच. मुलाम्याच्या साखळ्यांना मात्र फक्त रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं, कारण वरचा थर पातळ. शेवटी मामा ते चिलखत आपल्या गालावरून ओढायचे. एखाद्या कडीचं तोंड उघडं राहिलं असेल तर ते गालाला टोचतं. टोचलं की पकड घेऊन ती कडी मिटवायची. त्यांच्या उजव्या गालावर बारीक ओरखडे कायम असायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मामांनी मांजर पाळलंय.

त्या आठवड्यात मामांकडे किती राजे, किल्लेदार, सेनापती येऊन बसून गेले असतील! कुणी भाकरी बांधून आणायचा, कुणी नाटकात कोण काय विसरलं ते सांगायचा. एका गावचा सेनापती तर आपले सगळे संवाद गोणी लोटता लोटता पुन्हा म्हणून दाखवायचा, कारण जत्रेत माइक बंद पडल्यामुळे ते कुणाला ऐकूच गेले नव्हते. मामा मान डोलावून ऐकायचे. चहा सतत चालू. भिंतीपलीकडे मी, आणि मला हसण्याचे आवाज.

मळावरून नाटक ओळखण्याची मामांना हौस होती. एकदा एका चिलखताच्या गळ्याशी भरपूर गंज पाहून ते मला म्हणाले, "बघा भाऊसाहेब, ह्यो राजा लई रडला. आसवं उतरली हितं. काम जोरात झालं असनार." तेवढ्यात तो राजा चूळ भरून आत आला. म्हणाला, "न्हाई मामा, पडदा पडल्यावर कुनीतरी माझ्या अंगावर लिंबाचं सरबत सांडलं." मामा जरा खट्टू झाले. मग म्हणाले, "रडला असतास तर बरं झालं असतं."

एकदा मी विचारलं, "मामा, तुम्ही एकटे हे सगळं करू शकाल. या लोकांना कशाला एवढं लांबून बोलावून बसवता? त्यांना शेतीची कामं असतात."

त्यांनी पाण्यातली साखळी बाहेर काढली. मग म्हणाले, "मी कंपनीत हुतो म्हाईत हाय ना?"

माहीत होतं. एका फिरत्या नाटक कंपनीत ते तरुणपणी सामान सांभाळायला होते. कंपनी नगरला येऊन मोडली. मंडळी रेल्वेनं आपापल्या गावी गेली. मालक म्हणाले, तू पेट्या सांभाळ, आम्ही येतो. मामांनी पेट्या सांभाळल्या. कुणी आलं नाही. कपडे कसरीनं खाल्ले. राहिली दोन चिलखतं आणि दागिने. ते दुरुस्त करता करता मामा नवीन करायला शिकले. लग्न झालं होतं, पण बायको पहिल्या दिवाळीला माहेरी गेली ती आली नाही. याबद्दल ते एवढंच म्हणायचे, "तिला मानसांत ऱ्हायाची सवय हुती."

"कंपनीत नाटक मी कवा बघितलंच न्हाई," मामा म्हणाले. "कायम पडद्यामागं. पन नाटक संपलं ना, की समदे एकाच सतरंजीवर बसायचे. राजा, दासी, हुजऱ्या, समदे. रंग पुसायचा, दागिनं घासायचं. त्या वक्ताला जे बोलनं व्हायचं…" हातातली साखळी त्यांनी उलटी करून पाहिली. "त्ये नाटकात नसतंय," म्हणाले.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला.

त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ज्यांनी भोगलं त्यांनी ते माझ्यासारख्या महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्या कारकुनाकडून वाचावं असं नाही. मी फक्त मामांपुरतं सांगतो. पुढच्या चैत्रात एकाही गावानं नाटक केलं नाही. लोक खडी फोडायला रस्त्यांच्या कामांवर होते, गुरं छावण्यांत. मामांकडे कुणी चिलखत न्यायला आलं नाही, म्हणून परत करायलाही कुणी आलं नाही.

तरी भिंतीपलीकडून गोणीचा आवाज येऊ लागला. पण वेगळा. मी कचेरीतून येऊन खाटेवर पडलो की भिंतीवर धप्प असं व्हायचं. मग काहीतरी सरपटल्यासारखं. मग पुन्हा धप्प. एक दिवस मी दारातून पाहिलं. मामा एकटेच बसले होते. गोणी पायांनी माझ्या भिंतीकडे लोटायचे. ती भिंतीवर आदळायची. गोणीला दोरी बांधली होती, तिनं ती परत ओढून घ्यायचे. पुन्हा लोटायचे.

आत कोणतं चिलखत आहे, असं मी विचारलं नाही. सगळी चिलखतं स्वच्छच होती, हे मला माहीत होतं.

मला त्या आवाजाचा राग यायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण यायचा. दिवसभर कचेरीत लोकांचे हाल कागदावर उतरवून आल्यावर डोकं भिंतीला टेकून पडावं, तर भिंत हादरायची. मी बाहेर चक्कर मारायला जायचो.

एक दिवस त्यांनीच हाक मारली. हातात मुलाम्याची एक साखळी होती. त्यांची सगळ्यांत आवडती, राणीच्या कमरेला शोभेल अशी, गव्हाच्या ओंबीसारखी विणलेली. "ह्ये बघा काय झालं," म्हणाले. प्रत्येक कडीच्या कडेला चांदीचा रंग जाऊन खालचं पितळ पिवळं दिसत होतं. नळाला पाणी दिवसाआड, तेही थोडं. त्यामुळे रिठा बंद होता. मामा महिनोन्महिने त्या साखळ्या कोरड्या खडूच्या पुडीनं घासत होते. ज्या कुणी घातल्याच नव्हत्या त्या.

"मग आता थांबा की थोडं," मी म्हणालो.

"थांबून काय करू?"

ते रागानं बोलले नाहीत. खरोखर विचारत होते. साखळी छानच दिसते अजून, असं काहीतरी मी म्हणालो आणि निघालो.

त्याच उन्हाळ्यात साहेबांबरोबर मला कर्जतच्या रस्त्यावरच्या कामावर जावं लागलं. साहेब मुकादमाशी बोलत होते. मी जीपच्या सावलीत उभा होतो. डोक्याला फडकं गुंडाळलेला एक माणूस हातोडा ठेवून उठला आणि माझ्याकडे येऊन हसला. "वळखलं का भाऊसाहेब?"

मी ओळखलं नव्हतं.

"मी राजा. मामांकडला."

शेजारी खडी फोडत बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "आला मोठा राजा! आधी पाटी भर, मग सिंव्हासनावं बस."

"बघा," तो मला म्हणाला, "परजा लई माजलीया." मग माझ्या जवळ येऊन त्यानं विचारलं, "मामा कसं हायेत? त्यांना म्हनावं, औंदाची जत्रा नुसता नारळ फोडून केली. पुढल्या सालाला येतो. दोन सालचं एकदम घासतो म्हनावं."

त्याची हाडं दिसत होती.

मी नगरला आल्या आल्या मामांना निरोप सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला.

"एकदम घासतो, असं म्हनला?"

"हो."

"हसून म्हनला का तसाच?"

"हसून."

"वाळलाय का?"

"खूप."

त्या दिवसापासून भिंतीवरचा आवाज बंद झाला. मामा नवीन चिलखत विणायला बसले. बारीक तार आणली. गजावर तिचं वेटोळं करायचं, कापून कड्या पाडायच्या, एका कडीत चार कड्या गुंतवायच्या. जुनं चिलखत राजाला जड होईल, आणि खांद्यात ढिलं पडेल, असा त्यांचा हिशेब. पावसाळाभर, हिवाळाभर ते त्या चिलखतावर होते. मी दारात उभा राहिलो की ते आपल्या छातीशी दोन विती धरून दाखवायचे, "एवढाच ऱ्हायला असंल ना पोरगा?"

त्या वर्षी पाऊस बरा झाला. चैत्र आला, नाटकं पुन्हा बसू लागली. आणि एका दुपारी राजा आला.

मी घरीच होतो, आवाज ऐकून मुद्दाम गेलो. हे दोघं भेटतात कसे ते मला बघायचं होतं. राजा बदलला होता. शुगर फॅक्टरीत लागला होता, अंगावर मांस चढलं होतं, मनगटावर घड्याळ होतं. मामांनी ते नवं चिलखत त्याच्यापुढे धरलं. राजानं हात घातले, डोकं घातलं, आणि ते त्याच्या छातीपाशीच अडकून बसलं.

आतून तो ओरडला, "मामा, ह्ये कुनासाठी केलंय? माझ्या पोरासाठी व्हय?"

मामा हसले. आम्ही दोघांनी ओढून ते काढलं. मामांनी त्याची घडी घालून बाजूला ठेवलं आणि जुनं मोठं काढायला पेटी उघडली. तेव्हा राजा जरा घुटमळला.

"मामा, एक बोलायचं हुतं. पोरं म्हनत्यात, बाजारात नवं दुकान झालंय तितनं आनू. तितलं चिलखत लोकरीचं विनलेलं हाय. वरनं चंदेरी रंग. बनियनवानी हलकं."

"वाजतं का?" मामांनी विचारलं. चालताना खरं चिलखत वाजतं, पावसाची बारीक सर पत्र्यावर यावी तसं.

"न्हाई वाजत. पन मामा, कुनाला ऐकू जातंय? लाउडस्पीकर लावलेला असतोय." मग खाली बघत तो म्हणाला, "आन् तिथं घासायचं झंजट न्हाई. दुकानात न्हेऊन टाकायचं आन् यायचं. आमी आता समदे कामावं असतो, एक दिस काढायचा म्हंजे खाडा पडतो. मी त्यांना म्हनलं, मामांचंच आनायचं. पन तुमी तेवढं…"

"अट सोडली," मामा म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले की राजाचं वाक्य हवेतच राहिलं.

"सोडली की. त्यात काय! तुमी नुसतं आनून टाका. मी घासतो. मला काय काम हाय दुसरं?" आणि माझ्याकडे वळून, "बरुबर हाय का न्हाई भाऊसाहेब?"

मी मान हलवली. मला खरंच बरोबर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक पाटी लिहून घेतली. माझं अक्षर चांगलं आहे. निळ्या रंगानं, गोलाकार, ठसठशीत लिहिलं: चिलखते व दागिने भाड्याने मिळतील. साफसफाई आमची. खाली एक वेलबुट्टीही काढली. मामांनी पाटी लांबून पाहिली, म्हणाले, "झ्याक झालं." पाटी लागली आणि गिऱ्हाईक परत आलं. नव्या दुकानापेक्षा जास्त आलं. त्या हंगामात मामांची एकही पेटी घरात राहिली नाही.

आणि जत्रा संपल्यावर गोण्या येऊ लागल्या. सकाळी मी कचेरीत निघालो की त्यांच्या ओट्यावर गोणी पडलेली असायची. कुणी एस.टी.तून उतरून ठेवून गेलेला, कुणी टेम्पोवाल्याच्या हाती पाठवलेली. मामा दार उघडून आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघायचे, मग गोणी आत न्यायचे. राजा स्वतः आला, पण एकाच्या फटफटीवर मागे बसून. ती त्यानं बंदसुद्धा करू दिली नाही. "येतो मामा, सेकंड शिफ्ट हाय." मामांनी गोणी उघडून चिलखत नाकाशी नेलं होतं. "घाम हाय," म्हणाले. पुढचा शब्द म्हणाले नाहीत. फटफटी वळून गेली.

भिंतीवरचा धप्प आवाज पुन्हा सुरू झाला.

एक दिवस मी धीर करून आत गेलो. दोन्ही पाय आत. म्हणालो, "मामा, मी बसू का समोर? दोघांनी लवकर होईल."

त्यांनी वर पाहिलं. "तुमी घातलं हुतं का?"

"नाही."

"मग तुमाला कशाला तरास?"

ते प्रेमानंच म्हणाले. मी परत आलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

मामा आता नाहीत. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं. जुन्या कचेरीतला एकजण भेटला होता, आमचं बोलणं पेन्शनबद्दल चाललं होतं, त्यात त्यानं सहज सांगितलं. शेवटी जवळ कोण होतं, पेट्या कुणी नेल्या, त्याला माहीत नव्हतं. मी आणखी कुणाला विचारावं तर त्या गावोगावच्या राजांची खरी नावं मला ठाऊक नव्हती. म्हणून मला जे माहीत आहे तेवढं, त्या एका रविवारचं, सांगून थांबतो.

माझी संगमनेरला बदली झाली होती. हुकूम येऊन बरेच दिवस झाले होते आणि मामांना कसं सांगावं म्हणून मी सांगितलं नव्हतं. हंगाम संपला होता. वैशाखाच्या अखेरीचं ऊन. सकाळपासून मी खाटेवर जुनं साप्ताहिक चाळत पडलो होतो. भिंतीपलीकडे आवाज नव्हता, आणि आज शांत आहे म्हणून मी मनातल्या मनात आभारही मानले होते. दुपार कलायला लागल्यावर उठलो, म्हटलं आता सांगून टाकावं.

पुढच्या खोलीत मामा नव्हते. मागच्या अंगणाचं दार उघडं होतं. अंगणात, भर उन्हात, पालथ्या खोक्यावर मामा बसले होते. अंगात चिलखत.

इतक्या वर्षांत त्यांनी त्यातली साधी साखळीही स्वतःच्या गळ्यात घातलेली कुणी पाहिली नव्हती. ते माझ्याकडे बघून चोरी पकडलेल्या मुलासारखे ओशाळले. कपाळावरून, कानांमागून घामाच्या धारा चालल्या होत्या. चेहरा लालबुंद.

"मामा, हे काय?"

"काय न्हाई. जरा घाम लावत हुतो." श्वास घेत घेत ते म्हणाले, "समदं धुऊन पुसून झालंय. उद्याच्याला घासायला काय न्हाई."

"अहो, पण किती वेळ बसलाय असे?"

"सकाळी घातलं." त्यांनी मान खाली घातली. "आता निघंना."

चिलखत घालताना ते अंगावर आपल्या वजनानं उतरतं. काढताना मात्र वाकावं लागतं, हात डोक्यावरून पुढे टाकावे लागतात, आणि दुसऱ्या कुणीतरी बाह्या धरून ओढावं लागतं. मामांचा उजवा खांदा गोणी ओढून ओढून धरला होता. तो वर जात नव्हता. आणि सावलीत का नाही गेले, तर उठताना चक्कर आली होती.

"मग हाक मारायची ना! मी पलीकडेच होतो. सकाळपासून घरीच होतो मी."

"सुट्टी हाय तुमची," मामा म्हणाले. "म्हनलं, झोपला असाल."

मी त्यांना आधार देऊन सावलीत आणलं. पाणी पाजलं. मग ते वाकले. डावा हात पुढे केला, उजवा मी हळूहळू उचलून पुढे घेतला. कड्या इतक्या तापल्या होत्या की माझे तळवे भाजले. मी बाह्या धरल्या आणि ओढलं. चिलखत त्यांच्या पाठीवरून, डोक्यावरून सळसळत आलं आणि आमच्या पायांशी ढीग होऊन पडलं. मामा तसेच वाकलेले राहिले, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेले. बनियन भिजून अंगाला चिकटलं होतं. खांद्यांवर, दंडांवर कड्यांचे ठसे उठले होते. लाल, बारीक, एकीत एक अडकलेले.

बऱ्याच वेळानं ते भिंतीला टेकून बसले. मी म्हणालो, "मामा, माझी बदली झाली. संगमनेरला."

"कवा?"

"परवा जायचं."

"बरं हाय. तिकडं पानी हाय." आणि मग, "घरची मानसं जवळ येतील."

मग त्यांनी कोनाड्यातली तेलाची चिंधी मागितली. मी दिली. चिंधी एकच होती. उजव्या हातात जोर नव्हता, म्हणून त्यांनी ती दातांत धरून टर्रकन फाडली आणि अर्धी माझ्याकडे टाकली. चिलखताचा ढीग पायानं आमच्या दोघांच्या मधे सरकवला. मी खाली बसलो. ते त्यांच्या बाजूनं पुसू लागले, मी माझ्या. मला नीट जमत नव्हतं.

थोड्या वेळानं म्हणाले, "बोला की."

"काय बोलू?"

"कायबी. हात चालू ऱ्हाऊ द्या, आन् बोला."

इतके दिवस एका भिंतीला डोकं लावून राहिलो, पण आमच्यात बोलणं झालं होतं ते दारात उभ्या उभ्या. शेवटी मी म्हणालो, माझी मुलगी आता बोलायला लागलीय म्हणे. मामांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, नाव काय ठेवलंत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तेसुद्धा मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, आणि पुन्हा चिंधी कड्यांवरून फिरवू लागले. "हां," म्हणाले, "मग?"